चाकाचे मौन

ह्या सदरातून आम्ही आजवर मिक्सर, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर अशा यंत्रांच्या तक्रारींचा विचार केला. या खेपेचे यंत्र घरोपयोगी म्हणावे की नाही, याविषयी आमच्याच घरात दोन मते आहेत. संगणकावर मोटारशर्यतीचा खेळ खेळण्यासाठी मेजाला जखडावयाचे जे स्टिअरिंगचे चाक मिळते, ते हे यंत्र होय.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी इंदुरास आमच्याकडे असतो. सायंकाळी दोन घरी शिकवण्या करून त्याने आठ महिने पैसे साठविले आणि एका गृहस्थांकडून असे एक वापरलेले चाक विकत घेतले. रविवारपर्यंत चालवून पाहावे, न चालल्यास परत करावे, असा बोलीचा करार होता. शुक्रवारी रात्री त्याने ते जोडले. पडद्यावरची मोटार वळत होती. परंतु चाकात जीव नव्हता. बरणीच्या सैल झाकणासारखे ते नुसते फिरत होते. आम्ही दारातूनच पाहिले आणि म्हणालो, "शिकवण्यांचे पैसे पाण्यात घातलेस." त्याने उत्तर दिले नाही. त्या रात्री तो जेवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे आम्हांसच ते बोलणे लागले. न तपासता गुण देणारा परीक्षक म्हणजे आम्हीच! तेव्हा चहा झाल्यावर आम्ही त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसलो.

प्रथम हे समजून घ्यावयास हवे की चाकात जीव येतो कोठून. खऱ्या मोटारीत वळण घेताना पुढची चाके सरळ होऊ पाहतात. तो ओढा स्टिअरिंगमधून चालकाच्या तळहातांस कळतो. टायरची पकड सुटण्याची वेळ जवळ आली की हाच ओढा कमी होतो आणि स्टिअरिंग हलके लागते. तो हलकेपणा ही चालकास मिळालेली पूर्वसूचना असते. खेळामधील गणित हे बळ सेकंदास अनेक वेळा मोजते आणि मेजावरील चाकात बसविलेल्या मोटरीस तसा हुकूम देते. यासच 'फोर्स फीडबॅक' म्हणतात. ही कल्पना काल-परवाची नव्हे. अटारीच्या 'हार्ड ड्रायव्हिन' या १९८९ सालच्या खेळयंत्रात असे चाक होते. आज ही मोटर दात्यांच्या चक्रांनी, पट्ट्याने, अथवा थेट चाकाच्या दांड्यास जोडलेली असते.

यावरून एक गोष्ट उघड होते. चाक फिरविल्याची बातमी संगणकाकडे जाणे हा एक मार्ग आणि बळाचा हुकूम चाकाकडे येणे हा दुसरा. मोटार वळते, म्हणजे पहिला मार्ग सुरू आहे. दोष दुसऱ्यात शोधावयाचा. आम्ही भाच्यास एकच नियम घातला: एका वेळी एकच बदल करावयाचा आणि तो वहीत लिहावयाचा.

आरंभ विजेपासून. यूएसबीच्या वायरीतून येणारी वीज चाकाच्या मेंदूस पुरते, मोटरीस पुरत नाही. म्हणून अशा बहुतेक चाकांस स्वतंत्र अ‍ॅडाप्टर असतो. वीज लावताच ही चाके सामान्यतः आपणहून डावीकडे-उजवीकडे फिरून स्वतःचा मध्य शोधतात. आमचे चाक फिरलेच नव्हते. उलटे करून पाहिले, तो तळाच्या खाचेतून नेलेली अ‍ॅडाप्टरची पिन अर्धी बाहेर आलेली! ती नीट दाबून बसविली आणि चाक झोपेतून जागे झाल्यासारखे गरगरले. त्या वेळी हात दूर ठेवावेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे; मोठ्या चाकांची मोटर अंगठा दुखविण्याइतकी बलवान असते.

एवढ्याने न भागल्यास पुढील क्रम धरावा. यूएसबीची वायर हबमधून न नेता थेट संगणकास जोडावी. कंपनीचे सॉफ्टवेअर बसवून संगणक पुन्हा सुरू करावा. काही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरात बळाची चाचणी घेण्याची सोय असते. तेथे चाक ओढ देत असेल, तर यंत्र निर्दोष आणि दोष खेळाच्या मांडणीत, असा निकाल निघतो. चाक आधी जोडावे, खेळ मागाहून उघडावा. खेळात फोर्स फीडबॅक बंद केलेले नाही ना, आणि यादीतून हेच चाक निवडले आहे ना, हेही पाहावे. चाक मध्याकडे येण्याऐवजी बाजूस पळत असेल, तर बळाची दिशा उलटी झालेली असते. पुष्कळ खेळांत ती पालटण्याची सोय आहे. तासभर खेळल्यावर ओढ मंदावली, तर मोटर तापल्याचा संशय घ्यावा आणि तिला विसावा द्यावा.

आमचे चाक जागे झाले खरे. पण आता ते सर्व वळणांवर सारखेच जड लागू लागले. भाचा म्हणाला, "मामा, जोर आहे, पण काही कळत नाही." त्याने उत्साहाच्या भरात बळाचे सर्व आकडे शंभरावर नेऊन ठेवले होते. मोटरीची शक्ती मर्यादित असते. खेळाने तिच्या कुवतीबाहेरचे बळ मागितले की ती आपल्या कमाल जोरावर थांबते. मग मोठे वळण आणि त्याहून मोठे वळण यांतला भेद उरत नाही. यास 'क्लिपिंग' म्हणतात. 'असेटो कोर्सा' या २०१४ च्या खेळात पेडलांच्या पट्ट्यांशेजारी एक करडी पट्टी असते; ती लाल झाली की समजावे, बळ छाटले जात आहे. खेळातील आकडा टप्प्याटप्प्याने उतरवीत आम्ही ती लाली क्वचितच दिसेल असे केले. जोर कमी झाला आणि बोलणे स्पष्ट झाले. वर्गात सतत वरच्या पट्टीत बोलणाऱ्या शिक्षकाचे असेच होते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

मग भाच्याने आम्हांस खुर्चीवर बसविले. तिसऱ्या वळणावर चाक एकाएकी हलके झाले. आम्हांस वाटले, सोपे गेले. तोच मोटार गवतात! "हलके लागले की समजायचं मामा, पकड सुटते आहे," तो म्हणाला.

आम्ही तत्काळ शुक्रवारच्या रात्रीकडे गेलो. आमच्या बोलण्यास त्याने विरोध केला नाही, तेव्हा आम्हांस वाटले होते, मुलगा समंजस आहे, ऐकून घेतो. वस्तुतः ती पकड सुटण्याची खूण होती. तीस वर्षे मुलांत काढूनही आम्हांस ती वाचता आली नाही. "पैसे पाण्यात गेले नाहीत, बाळ. आमचे बोलणे चुकले," असे आम्ही त्यास सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "मामा, चौथ्या वळणाआधी ब्रेक दाबा."

रविवारी चाक परत गेले नाही.