पितळी पातेलें आणि बाळाचें यकृत

माळ्यावर पडून असलेलीं पितळी भांडीं हल्लीं पुन्हां खालीं उतरूं लागलीं आहेत. आमच्या पोंभुर्ण्यासारख्या रानाकडेच्या गांवींही तीं चिंचेनें लखलखीत घासून चुलीवर चढतांना दिसतात. त्यांत आम्हांस आनंदच आहे. परंतु ज्या घरांत तान्हें मूल आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींस एक हकीकत सांगणें अवश्य वाटतें.

'मुलाला लिव्हर झालें' हे शब्द ऐकले कीं जुन्या माणसांच्या काळजांत अजून धस्स होतें. वर्षा-दीड वर्षाचें, बहुधा खात्यापित्या घरचें बाळ किरकिर करूं लागे, पोट फुगे, यकृत हातास टणक लागे. पुढें कावीळ होई आणि कांहीं महिन्यांत सारें आटपे. एकाच मातेचीं दोन दोन मुलें अशीं गेल्याचीं उदाहरणें होतीं. मग कोणी कुळाचा दोष काढी, कोणी दृष्ट म्हणे, आणि पुष्कळदां बोल येई तो बिचाऱ्या सुनेच्या दुधावर. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनीं १८८७ मध्यें या रोगाचें वर्णन केलें. तो मध्यम स्थितींतील हिंदु घरांत विशेष होतो व मुलींपेक्षां मुलग्यांस अधिक होतो, हेंही वैद्यांच्या ध्यानांत आलें. पण कारण मात्र पुढें जवळजवळ शंभर वर्षें हातीं लागलें नाहीं.

तें हातीं लागण्यांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांचा मोठा वांटा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांतील संशोधकांनीं १९७८ मध्यें अशा मुलांच्या यकृताचे सूक्ष्म छेद ऑर्सीन नांवाच्या रंगांत बुडवून पाहिले, तों पेशींत गडद कण आढळले. ते तांब्याची साक्ष देणारे होते. दुसऱ्याच वर्षीं, डॉ. पंडितांच्या सहकार्यानें, तांबें प्रत्यक्ष मोजण्यांत आलें. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या भागांत तें साधारणतः ५० मायक्रोग्रॅमहून कमी असतें. या बालकांत तें हजारांच्या घरांत निघालें. शरीरास तांबें लागतें, पण लेशमात्र. अधिक झालेलें यकृत पित्तावाटे बाहेर टाकतें. तान्ह्या बाळाचें यकृत या कामीं अद्याप कच्चें असतें, आणि जन्मतःच त्यांत तांब्याचा सांठा बराच असतो. वरून भर पडली कीं पेशी गुदमरूं लागतात.

ही भर येते कोठून? याचें उत्तर सूक्ष्मदर्शकांत मिळण्यासारखें नव्हतें; तें स्वयंपाकघरांत होतें. बाळास वरचें दूध कितव्या महिन्यापासून दिलें, तें कशांत तापविलें, कशांत ठेवलें, अशी विचारपूस झाली. टॅनर नांवाचे इंग्रज डॉक्टर, भावे व पंडित प्रभृतींनीं १९८३ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आपलें अनुमान प्रसिद्ध केलें : लहान वयापासून पितळी भांड्यांतलें गाई-म्हशीचें दूध! १९८७ मध्यें आजारी व निरोगी मुलांच्या जोड्या लावून केलेल्या तुलनेनेंही त्यास दुजोरा दिला.

पितळ म्हणजे तांबें व जस्त. ताक किंवा आमटी बिनकल्हईच्या भांड्यांत कळकते, हें आपल्या आजीस पक्कें ठाऊक होतें. 'कळकणें' हा खास शब्दच तिनें त्याकरितां राखला होता. दुधानें मात्र तिला फसविलें. दूध आंबट नव्हे, तेव्हां तें कळकेल ही शंकाच येईना. आणि इकडे भांड्यांतील तांबें दुधांतल्या केसीनास चिकटून निमूटपणें बाळाच्या पोटांत जाई. एका घरचीं भावंडें कां जात, याचाही उलगडा यांत आहे : पातेलें तेंच होतें! मुलग्यास वरचें दूध अधिक मायेनें पाजीत असावेत, असा आमचा आपला तर्क. आणि जिच्यावर ठपका येई, त्या मातेच्या दुधांत तांबें अगदीं थोडें असतें. जें दूध वाईट म्हणून बंद करीत, तेंच बाळाचें रक्षण करणारें होतें, हें वाचून आम्ही कांहीं वेळ स्तब्ध झालों.

त्याच भांड्यांतलें दूध पिऊन धडधाकट वाढलेलीं मुलेंही असंख्य होतीं, हें कबूल केलें पाहिजे. म्हणून कांहींजणांची तांबें पचविण्याची शक्ति उपजतच उणी असावी, असें शास्त्रज्ञ मानतात. ऑस्ट्रियांतील टायरोल प्रांताचा दाखला याच मासल्याचा आहे. तेथें १९०० ते १९७४ या काळांत १३८ बालकें अशाच रोगानें दगावल्याचें १९९६ मध्यें प्रसिद्ध झालें. तेथेंही गाईचें दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत तापवीत. भांडीं बदललीं आणि रोग गेला.

पुण्यास पेनिसिलामाइन या तांबें बाहेर काढणाऱ्या औषधाचेही प्रयोग झाले. कावीळ होण्यापूर्वीं आलेल्यांपैकीं कित्येक मुलें त्यानें वांचलीं. परंतु खरें काम स्टीलच्या पातेल्यानें केलें. आज हा रोग इतका विरळा झाला आहे कीं, तरुण डॉक्टरांनीं तो बहुधा पुस्तकांतच वाचलेला असतो.

तेव्हां माळ्यावरून उतरलेल्या भांड्यांत भात शिजवावा, वरण करावें. बाळाचें दूध तेवढें त्यांत तापवूं वा ठेवूं नये. आणि आमटी-ताकासाठीं तीं घ्यावयाचीं असतील तर आधीं आंतून कल्हई करून घ्यावी. आमच्याकडे कल्हईवाला आतां दुर्मिळ झाला आहे. चंद्रपुराहून कोणी येईपर्यंत थांबावें लागलें, तरी थांबावें.