नाचणाऱ्याने लिहू नये म्हणे

परवा एका जाणकार गृहस्थांनी ऐकवलं, की ‘आयडॉल रॅपर’ म्हणजे शाकाहारी वाघ. गालांना रंग लावून सात जणांत नाचायचं, कंपनीने लिहून दिलेलं म्हणायचं आणि सवड मिळाली की एकट्याचा अल्बम काढून बंडखोर व्हायचं! खरा कलावंत असता तर गट सोडून गेला असता. उदाहरणादाखल त्यांनी बोट दाखवलं ते बीटीएस या कोरियन पॉप गटातल्या रॅपर शुगाकडे. तिथेच फसले.

‘लिहून दिलेलं’ हे पालुपद आधी बघू. बीटीएस 2013 साली लोकांसमोर आला. त्याआधीच हा मुलगा देगू शहरात ‘ग्लॉस’ नावाने बीट्स बांधत होता. सुरानचं ‘वाइन’ (2017), आययूचं ‘एट’ (2020) ही गाणी घडवण्यात त्याचा हात आहे. म्हणजे इतर गायिकाच याच्याकडून गाणी घेत होत्या! 2016 साली ‘अगस्ट डी’ या नावाने त्याने एक मिक्सटेप फुकट वाटली. तीत नैराश्य आहे, माणसांची धास्ती आहे, उमेदवारीच्या काळात डिलिव्हरीचं काम करताना झालेला अपघात आहे. आपल्या गोड चेहऱ्याच्या मालाला असलं लिहून देणारी कंपनी कुठे असते? पत्ता मिळाल्यास मीही अर्ज करीन. आणि 2020 चं ‘देच्विता’? हे नाव कोरियातल्या जुन्या शाही मिरवणुकीच्या संगीताचं. त्यातलं सनईच्या जातीचं वाद्य आणि झांजा त्याने ट्रॅपच्या ठेक्यावर बसवल्या. व्हिडिओत जुलमी राजाही तोच आणि त्याच्यावर उठणारा रयतेतला माणूसही तोच. गृहस्थांना आज सुचलेलं भांडण त्याने तेव्हाच दोन्ही बाजूंनी खेळून दाखवलं होतं.

रंगाचं म्हणाल तर सोंगाड्याही लावतो. पुढे.

नाट्यपदं गाणाऱ्याला ख्याल कुठला यायला, असं म्हणणारे एक कट्टर काका आमच्या वाड्यातही होते. रात्री दार लावून ते त्याच पदांच्या रेकॉर्डी ऐकत.

राहिलं गट सोडणं. कशाला सोडायचा? साडेतीन मिनिटांच्या गाण्यात सात जणांचे वाटे. आपल्या वाट्याच्या मोजक्या ओळींत छाप पाडायची सवय तिथेच लागते. एकट्याच्या अल्बममध्ये तीच कामी येते. शिवाय ‘अगस्ट डी’ची इंग्रजी अक्षरं उलटी वाचा: ‘डीटी शुगा’, म्हणजे देगू टाउनचा शुगा. वेगळी चूल मांडतानाही पठ्ठ्याने गटातलं नाव आणि गाव दोन्ही बरोबर नेलं.

गृहस्थांनी ‘देच्विता’ एकदा ऐकावं. मेकअप सोसवत नसेल तर डोळे मिटून.