जाहीर आवाहन : हृदयासाठीची सीआरपी तपासणी ताप सरल्यावरच करावी

एचएस-सीआरपी ही रक्तातील सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन अगदी सूक्ष्म प्रमाणात मोजणारी तपासणी आहे. शरीरात कुठेही दाह झाला की यकृत हे प्रथिन रक्तात सोडते. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले आणि पुढे अनेक दशके ते जंतुसंसर्गाचे लक्षण म्हणूनच ओळखले गेले. मात्र हृदयाच्या धमन्यांत साचणाऱ्या चरबीच्या थरांतही मंद दाह चालू असतो. त्या दाहाने थर कमकुवत होऊन फुटला की गुठळी होते आणि झटका येतो.

मालवण बंदरावर धोक्याचा बावटा चढतो, पण वादळ काही बावट्याने येत नाही. सीआरपीही धोका दाखवते, तो निर्माण करत नाही. दाहालाच आवर घातला तर झटके कमी होतात का, हे 2017 च्या ‘कॅंटोस’ अभ्यासाने तपासले. पूर्वी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांत दाहशामक औषधाने कोलेस्टेरॉल न बदलताही पुढचे झटके घटले. त्याच औषधाने जीवघेणे संसर्ग मात्र वाढले, त्यामुळे ते हृदयरोगाच्या नेहमीच्या उपचारांत आले नाही.

अहवालातला आकडा मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये वाचावा. 1 पेक्षा कमी असल्यास धोका कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. काही प्रयोगशाळा तो प्रतिडेसिलिटर देतात, तेव्हा त्याला दहाने गुणावे लागते. 10 च्या वर गेलेल्या आकड्यावरून हृदयाचा अंदाज बांधता येत नाही. त्यामागे बहुधा ताप, जखम किंवा दुसरा आजार असतो.

सिंधुदुर्गात नेमकी इथेच चूक होण्याचा संभव आहे. पावसाळ्यात भातलावणीपासून लेप्टोची साथ डोके वर काढते, जोडीला डेंगी आणि मलेरिया असतात. दोडामार्ग-बांदा भागात पाऊस सरल्यावर माकडतापाची भीती असते. जाळे ओढताना हाताला झालेली, पू धरलेली जखम किंवा दाढेचे दुखणेही सीआरपी वाढवायला पुरेसे आहे. तापात डॉक्टर करून घेतात ती साधी सीआरपी वेगळ्या कामाची. तो अहवाल पाहून हृदयरोगाची धास्ती घेऊ नये. हृदयासाठीची तपासणी भातकापणी उरकून, ताप-खोकला पूर्ण गेल्यावर करावी आणि निदान दोन आठवड्यांनी पुन्हा करून दोन्ही आकड्यांची सरासरी धरावी. या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते.

ही तपासणी सरसकट सर्वांनी करण्यापेक्षा ज्यांच्याबाबत उपचाराचा निर्णय अडला आहे त्यांनी करणे अधिक उपयोगाचे. चाळिशी ओलांडलेली, घरात कुणाला लवकर झटका आलेला, पण रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल काठावर, अशा व्यक्तीला स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध द्यावे की नाही हे ठरवताना डॉक्टरांना तिची मदत होते. 2008 च्या ‘ज्युपिटर’ अभ्यासातील 17,802 जणांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 130 च्या आत होते, पण एचएस-सीआरपी 2 किंवा जास्त होती. त्यांपैकी स्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना 44 टक्क्यांनी कमी झाल्या. रक्तदाब आणि साखर कधीच न तपासलेल्यांनी मात्र आधी त्याच तपासण्या कराव्यात.

आकडा वाढलेला आढळल्यास पोटाचा घेर, तंबाखू आणि मशेरी, सुजलेल्या हिरड्या व अंगात मुरलेला संधिवात यांकडे लक्ष द्यावे. मशेरीची सवय घराघरांतल्या बायकांना असते आणि तिची चौकशी फारशी होत नाही, म्हणून त्यांनी ती डॉक्टरांना आपणहून सांगावी. आकडा उतरावा म्हणून दुखण्याच्या गोळ्या कधीही घेऊ नयेत. त्यांतल्या अनेक गोळ्यांनी हृदयाचा धोका उलट वाढतो.

छातीत दुखणे, डाव्या हातात कळ, दरदरून घाम किंवा दम लागणे अशी लक्षणे असताना या तपासणीची वाट पाहू नये. तेव्हा ईसीजी आणि ट्रोपोनिन लागते. पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्यातील अनेक रुग्णांना मालवणपासून शंभरएक किलोमीटरवरचे गोव्यातील बांबोळीचे रुग्णालय गाठावे लागते, त्यामुळे घरी वेळ न दवडता 108 ला फोन करून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचावे.