आकडेवारी प्रवेशद्वाराशीच थांबते

आयआयटीत मुली कमी आहेत, हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पवईपासून खरगपूरपर्यंत कोणत्याही वर्गात डोकावले तरी ते दिसत होते. मात्र दिसणे वेगळे आणि मोजणे वेगळे. २०१६मध्ये प्रवेश घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण अवघे आठ टक्के भरले. त्यानंतर संयुक्त प्रवेश मंडळाने आयआयटी मंडीचे तत्कालीन संचालक प्रा. टिमोथी गोन्साल्विस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुली नेमक्या कोणत्या टप्प्यावर गळतात, याचा समितीने शोध घेतला. तिच्या शिफारशींवरून २०१८पासून मुलींसाठी अतिरिक्त जागांची योजना सुरू झाली. अभियांत्रिकी शिक्षणात आधी मोजणी आणि मग निर्णय, असा क्रम आपल्याकडे क्वचितच पाळला जातो. येथे तो पाळला गेला आणि त्याचे फळही मिळाले.

समितीपुढचे चित्र बोलके होते. २०१६च्या जेईई अॅडव्हान्स्डमध्ये साडेचार हजारांहून अधिक मुली पात्र ठरल्या होत्या. एकूण पात्र उमेदवारांत त्यांचा वाटा साडेबारा टक्क्यांच्या घरात होता. आयआयटीत प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्या मात्र जेमतेम साडेआठशे. याचा अर्थ गळती दोन ठिकाणी होती. पहिली परीक्षेपूर्वीची. मुलीच्या क्लासवर लाख-दोन लाख खर्च करायचे की नाही, तिला कोट्याला किंवा लातूरला एकटी ठेवायची की नाही, हे प्रश्न घराघरांत ज्या पद्धतीने सोडवले जातात, त्याचा तो परिणाम. त्यावर आयआयटीचे संचालक काय करणार? दुसरी गळती परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरची. मधल्या क्रमांकावरच्या मुलीला हवी ती शाखा जवळच्या आयआयटीत मिळत नाही, हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या नव्या संस्थेत तिला धाडण्यास घरचे राजी नसतात आणि अखेर आपल्याच शहरातले नावाजलेले महाविद्यालय बरे वाटते. ही गळती मात्र आयआयटीच्या आवाक्यातली होती. इलाज तेथेच करण्यात आला.

मुलांच्या जागांना हात न लावता जागा वाढवण्यात आल्या. २०१८मध्ये १४, २०१९मध्ये १७ आणि २०२०मध्ये २० टक्के, असे टप्पे ठरले. हे उद्दिष्ट साधारणपणे वेळापत्रकानुसार गाठले गेले. सरकारी योजनांच्या बाबतीत ही गोष्ट आवर्जून नोंदवण्याजोगी आहे. गुणवत्तेच्या नावाने ओरड झाली. परंतु परीक्षा एकच होती आणि त्या-त्या प्रवर्गासाठी पात्रतेची अटही मुला-मुलींना सारखीच होती.

पुढे काय झाले, हे मात्र फारसे बोलले जात नाही. २०२५मध्ये जेईई अॅडव्हान्स्डमध्ये ५४,३७८ उमेदवार पात्र ठरले. त्यांत ९,४०४ मुली, म्हणजे १७ टक्क्यांहून अधिक. पात्र मुलींची संख्या २०१६च्या दुप्पट झाली, आयआयटींतील जागाही वाढल्या. प्रवेशातील मुलींचे प्रमाण मात्र २० टक्क्यांच्या आसपासच घुटमळते आहे. किमान म्हणून ठरवलेला आकडा व्यवहारात कमाल होऊन बसला आहे.

याचे एक कारण जागावाटपाच्या नियमात आहे. मुलीचा विचार आधी मुलींसाठीच्या जागांवर होतो. तेथे जागा न मिळाल्यास ती सर्वांसाठी खुल्या जागांच्या स्पर्धेत येते. त्यामुळे ज्या मुलींना स्वतःच्या क्रमांकावर खुल्या जागेतही प्रवेश मिळाला असता, त्याही आधी राखीव संख्येत मोजल्या जातात. वीस टक्के भरले की गणित जुळते आणि कोणालाच पुढे जाण्याची निकड वाटत नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१मध्ये देशातील पदवी स्तरावरील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांत मुली सुमारे २९ टक्के होत्या. महाराष्ट्रात तर राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत मुलींना ३० टक्के समांतर आरक्षण पूर्वीपासून आहे. देशातील अग्रगण्य म्हणवणाऱ्या संस्था याबाबतीत सामान्य महाविद्यालयांच्याही मागे आहेत.

याहून गंभीर बाब प्रवेशानंतरची आहे. डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, त्याआधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएममधून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीय मिळून १३,६२६ विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले. त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक आयआयटींमधील होते. विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात, ते एका संस्थेतून दुसरीत किंवा एका अभ्यासक्रमातून दुसऱ्यात जातात, असे स्पष्टीकरण सरकारने दिले. ते काही अंशी खरेही असेल. परंतु अधिक चांगली संधी मिळाली म्हणून गेलेला विद्यार्थी आणि पहिल्या सत्रात इंग्रजी, गणित व एकटेपणा यांच्यापुढे हात टेकून गेलेला विद्यार्थी एकाच रकान्यात मोजले, तर त्या आकड्यावरून कोणता निर्णय घ्यायचा? शाळेच्या दाखल्यासारखे एखादे कारण टाकून प्रकरण मिटवण्याची सवय आपल्या कार्यालयांना आहेच.

संस्थेच्या आतले वास्तव मोजण्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे, म्हणजे एमआयटीचे आहे. जीवशास्त्राच्या प्राध्यापिका नॅन्सी हॉपकिन्स यांना प्रयोगशाळेसाठी जागा कमी मिळत होती. तक्रार कोणी मनावर घेईना, तेव्हा त्यांनी मोजपट्टी घेऊन सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळा मोजून काढल्या. १९९४मध्ये तेथील विज्ञान विभागांत १९४ कायम प्राध्यापकांच्या तुलनेत कायम प्राध्यापिका अवघ्या १५ होत्या. वेतन, जागा, निधी, समित्यांवरील स्थान यांचा हिशेब मांडणारा अहवाल १९९९मध्ये प्रसिद्ध झाला आणि संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी त्यातील निष्कर्ष उघडपणे मान्य केले. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांनीच मोजणी केली आणि संस्थेने ती लपवली नाही, हे त्यातील वैशिष्ट्य.

आपल्याकडे माहितीची वानवा नाही. जेईईच्या अर्जात पालकांचे शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, ग्रामीण की शहरी अशी बरीच विचारणा होत आली आहे. ती पहिल्या वर्षाच्या निकालाशी जोडून पाहिली, तर घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणात आलेली, मराठी माध्यमातील आदिवासी मुलगी नेमक्या कोणत्या विषयात अडखळते, हे सत्र संपण्याआधीच कळू शकेल. अर्थात सगळेच मोजता येत नाही. सहविद्यार्थ्याला जेईईचा क्रमांक विचारू नये, कारण त्यातून जात शोधली जाते, अशी सूचना आयआयटी मुंबईला २०२३मध्ये काढावी लागली. ही बोच कोणत्याही तक्त्यात उमटत नाही. मात्र तिचा परिणाम गुणपत्रिकेत उमटतो.

महाराष्ट्रापुरता प्रश्न आणखी निकडीचा आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४मध्ये घेतला. तोवर ही सवलत निम्मी होती. निर्णय स्वागतार्हच, परंतु वसतिगृह, खानावळ आणि एसटीचा पास यांचा खर्च त्यात नाही, आणि खेड्यातून पुण्यात किंवा संभाजीनगरात आलेल्या मुलीचे शिक्षण बहुधा तेथेच अडते. किती मुलींनी सवलत घेतली, याचे आकडे शासन अभिमानाने देईलच. २०२४-२५मध्ये प्रथम वर्षाला बसलेल्या या मुलींपैकी किती जणी २०२७-२८मध्ये अंतिम वर्षाची परीक्षा देतील, ही नोंद मात्र प्रत्येक महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात असेल आणि तंत्रशिक्षण संचालनालयाने ती मागवली तरच बाहेर येईल.