अपघात ‘नशिबाचा’ नसतो : जबाबदारी कोणाची आणि भरपाई कोण देणार?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता. काही तासांत त्याला जामीन मिळाला, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंधही होता. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. देशभर संताप उसळला. म्हणजे माध्यमांचे लक्ष असतानाही पुरावा टिकवण्यासाठी झगडावे लागले. मग ज्या मजुराच्या अपघाताची चार ओळींचीही बातमी होत नाही, त्याच्या कुटुंबाचे काय?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग होता. दारू पिऊन गाडी चालवणे, उलट्या दिशेने येणे, मोबाईलवर बोलणे ही पुढची कारणे. मेलेल्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे होते. ज्याच्याकडे चारचाकी नाही, तोच रस्त्यावर जास्त मरतो.

गुन्हा कोणावर?

निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंडविधानात ती दोनच वर्षे होती. १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले, तर मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘मला ठाऊक नव्हते’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर किंवा पालकावरच असते. रस्त्याची रचना किंवा देखभाल निकषांप्रमाणे नसल्याने जीव गेला, तर कलम १९८-अ कंत्राटदारालाही सोडत नाही. मात्र तिथे दंडाची मर्यादा फक्त एक लाख आहे. माणसाच्या जिवाची ही किंमत आम्हाला मान्य नाही.

भरपाई कोण देणार?

फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. चालकाला शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही. चालकाच्या चुकीसाठी मालक जबाबदार असतो आणि विमा असेल तर रक्कम विमा कंपनी भरते. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात पुण्यात झाला आणि कुटुंब नांदेडला राहत असेल, तर नांदेडलाही दावा करता येतो. मुदत सहा महिन्यांची आहे, तेराव्याच्या गडबडीत आणि कर्जाच्या चिंतेत ती कधी निघून जाते ते कळत नाही. चूक सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. गाडी धडक देऊन पळाली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख मिळतात. मृत स्त्री ‘फक्त घरकाम करायची’ म्हणून भरपाई नाकारता येत नाही. घरकामालाही मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

आपल्या जथ्यांचे काय?

आता आपल्या घरातला प्रश्न. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. वस्त्यावस्त्यांतून माणसे निघतात आणि पैसे वाचावेत म्हणून मालवाहू टेम्पोत बसतात. मालवाहू गाडीत माल सोडून नुसत्या बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितले आहे. टेम्पो उलटला तर दावा उरतो मालकावर, आणि तो कर्जबाजारी असेल तर निकाल हातात घेऊन बसावे लागते. खासगी गाडीचा केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल, तर आतल्या पाहुण्या प्रवाशांनाही त्याचे संरक्षण नसते. म्हणून जथ्याच्या आयोजकांना आमचे सांगणे आहे की प्रवासी परवान्याचीच गाडी ठरवा. विम्याचा कागद, फिटनेस आणि चालकाचा परवाना आधी बघा. रात्रभर गाडी चालवणाऱ्याला झोप मिळेल अशी सोय करा. बाबासाहेबांना अभिवादन करायला निघालेला माणूस घरी सुखरूप परतला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

अपघात झाला की आधी जखमीला दवाखान्यात न्या. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चे संरक्षण आहे, नाव सांगण्याची सक्ती नाही. मग एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, गाडीचा क्रमांक आणि मृताच्या कमाईचा जो मिळेल तो पुरावा गोळा करा. ‘मिटवून टाका, पन्नास हजार घ्या’ म्हणणारा दारात येतोच. वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही होऊ देऊ नका.

वकिलाचे पैसे नाहीत, हे कारणही उरलेले नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. प्रत्येक विहारात एका तरुणाने ही प्रक्रिया समजून घेतली, तरी कित्येक विधवांचे आणि लेकरांचे हक्काचे पैसे बुडायचे वाचतील.