प्रोटीनचा अंगारा

प्रोटीन या शब्दाला हल्ली अंगाऱ्याची किंमत आली आहे. कशालाही लावा, ते पवित्र होते! प्रोटीन बिस्किट, प्रोटीन चिवडा, प्रोटीन लाडू... वेष्टनावर ठळक अक्षरांत तो एक शब्द दिसला की आमची मंडळी डोळे मिटून पुडा पिशवीत टाकतात आणि प्रवासाला निघतात. त्यातही ज्यांना डॉक्टरांनी "भात-पोळी कमी करा, साखर वाढते आहे" असे बजावले आहे, तीच आघाडीवर. म्हणून आज जरा स्पष्ट लिहिते. घरातल्या दोघातिघांना झोंबेल. झोंबू दे.

मुलांना आयुष्यभर सांगत आले, प्रश्नपत्रिका हातात आली की आधी सूचना वाचा. वेष्टनाचेही तसेच आहे. पुढची बाजू म्हणजे जाहिरात, खरे काय ते मागे. मागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, असा आपल्याकडे नियम आहे. "वरून साखर घातलेली नाही" असे पुढे मिरवणाऱ्या वडीच्या यादीत पहिलेच नाव खजुराचे असेल तर काय समजायचे? १०० ग्रॅम खजुरात ७० ग्रॅमच्या वर कर्बोदके, त्यातली बहुतेक साखरच. ती झाडावर तयार झाली म्हणून रक्तात हिशेबाबाहेर राहत नाही. काही वड्यांत साखरेऐवजी माल्टिटॉल असते. तेही रक्तातली साखर थोडी वाढवतेच, आणि जास्त खाल्ले तर पोट बिघडवते. घाटात एसटी थांबत नाही, एवढे लक्षात ठेवा!

माझी कसोटी साधी आहे. दोन आकडे बघा, प्रथिने किती आणि कर्बोदके किती. प्रथिनांचा आकडा लहान असेल तर तो प्रोटीनचा खाऊ नव्हे. ते गोडधोड आहे नाहीतर फरसाण. आवडीने खा, पण पथ्य म्हणून खाऊ नका.

आता माझ्या वयाच्या मंडळींकडे वळते. कारण वडीला नावे ठेवली की ते खूश होऊन म्हणणार, "आपल्या आजीचा खाऊच खरा!" थांबा. १०० ग्रॅम फुटाण्यांत प्रथिने सुमारे २२ ग्रॅम, पण कर्बोदके ५८ च्या घरात. फुटाणे वाईट नाहीत, त्यांत चोथाही चांगला असतो. पण 'कमी कर्बोदकांचा खाऊ' म्हणून ते माझ्या कसोटीत नापास. चुरमुरे तर निव्वळ तांदूळ. राजगिऱ्याचा लाडू आणि चिक्की गुळावर उभी. आजी पहाटे जात्यावर बसत होती; आपण गिरणीत दळण टाकायलासुद्धा स्कूटर काढतो. तिचा खाऊ हवा, तिचे कष्ट नकोत, हे कसे जमायचे?

हा नुसता शब्दांचा कीस नाही. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या वर आहे. त्याच पाहणीतून २०२५ साली असे पुढे आले, की आपल्या आहारातले सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. ताट आधीच पिठाने भरले आहे. त्यात प्रवासातही पीठच, फक्त नाव प्रोटीन!

मग बरोबर न्यावे काय? दोन उकडलेली अंडी, कवचासकट. एका अंड्यात प्रथिने सुमारे ६ ग्रॅम, कर्बोदके एका ग्रॅमच्याही आत. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे घेतले तर प्रथिने ७-८ ग्रॅम आणि कर्बोदके पाचेक. (मूठभर म्हणजे मूठभर, त्यांत तेल भरपूर असते.) भोपळ्याच्या बिया, तीळ आणि जवस भाजून, तिखट-मीठ लावून बाटलीत भरा, आठवडाभर टिकते. पनीरचे तुकडे मिरपूड घालून तव्यावर परता आणि दोन-तीन तासांत संपवा. मे महिन्यात नेऊच नका. कोकणातल्यांना भाजलेला जवळा सुचवला असता, पण शेजारचा प्रवासी उतरून जाईल!

या सगळ्याला वीस मिनिटे लागतात, आणि शंभर-सव्वाशे रुपयांच्या वडीपेक्षा खर्चही कमी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रोटीनच्या पावडरी टाळायलाच सांगितले आहे. मात्र ज्यांचे मूत्रपिंड नाजूक आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. आणि ज्यांना इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी पोळी-भात एकदम तोडू नये, साखर धोकादायक उतरू शकते.

शेवटचे, सगळ्यांना उद्देशून. पुणे-मुंबई तीन-चार तासांचा प्रवास. घरून जेवून निघालेल्या धडधाकट माणसाला मध्ये काही खावेच लागते, हे कोणी ठरवले? औषधावर असलेल्यांचे वेगळे, त्यांनी वेळा पाळाव्यात. बाकीच्यांनी थोडी भूक सोसावी. भूक म्हणजे काही आजार नव्हे.

असो. पटले नसेल तर जरूर भांडा. फक्त वेष्टन हातात घेऊन, मागची बाजू वर करून भांडा.