पाठीत पिकलेला जबडा

दिवाळीची चकली कडाडकन फोडताना आपल्याला जबडा आहे याची आठवण कोणाला होते? जर्मनीतील एका ५६ वर्षांच्या गृहस्थांना मात्र ती आठ वर्षांहून अधिक काळ जेवणाच्या वेळी हटकून होई. गाठीपायी त्यांच्या खालच्या जबड्याचा बराचसा भाग कापून काढावा लागला होता. तेव्हापासून सूप आणि मऊ अन्न, बस्स!

अशा वेळी सहसा पायाचे वा कमरेचे हाड काढून तोंडात बसवतात. म्हणजे एक जखम बुजवायला दुसरी करणे आलेच. कील येथील शल्यविशारदांनी निराळी वाट धरली. त्यांनी जबड्याच्या मापाची टिटॅनियमची जाळी घडवली. तीत हाडातील खनिजाचे तुकडे, रोग्याचीच अस्थिमज्जा आणि हाड घडवणारे एक प्रथिन भरले, आणि ती बसवली—तोंडात नव्हे, पाठीच्या स्नायूत!

हसू नका. नुसत्या साच्याने हाड होत नाही. त्याला रक्त लागते, आणि स्नायूत ते मुबलक. शिवाय स्नायूत हाड रुजते, हे लॉस एंजेलिसच्या डॉ. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ सालीच दाखवले होते. हाडातले क्षार आम्लाने काढून उरलेला मऊ भाग त्यांनी सशांच्या स्नायूंत ठेवला, तर तिथे नवे हाड धरले! पुढे १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी काचेच्या बशीतल्या उंदराच्या स्नायुपेशींना असेच प्रथिन दिले. त्या स्नायूचे तंतू व्हायचे सोडून हाड घडवणाऱ्या पेशींचे गुण दाखवू लागल्या. पण जाडजूड हाड पोसायला बशीत रक्तवाहिन्या कुठून आणायच्या? म्हणून पाठीचे शेत. (ही किमया बेतात असलेलीच बरी. एका दुर्मीळ जन्मजात रोगात स्नायूच हाडे बनत जातात आणि माणूस जखडतो.)

सात आठवड्यांनी ते पीक रक्तवाहिन्यांसकट काढले, मानेतल्या वाहिन्यांशी जोडले आणि जबड्याच्या जागी बसवले. ही हकीगत २००४ साली प्रसिद्ध झाली. अर्थात ती एकाच रोग्याची. तेव्हा घरच्या आजोबांच्या मोडक्या खुब्यासाठी लगेच चौकशीला धावू नका.

शस्त्रक्रियेनंतर चार आठवड्यांनी त्या गृहस्थांनी पाव आणि सॉसेज असे जेवण घेतले. तक्रार एवढीच, की तोंडात दात नसल्यामुळे घास फार बारीक कापावे लागतात.